घरची ग्रेड

आमच्या सरांना चांगला महिना सोसत नसे.

महिनाभर कुणाचे टाके उसवले नाहीत, कुणाच्या जखमेत पू झाला नाही, कुणाला परत टेबलावर घ्यावं लागलं नाही, की बाकीच्या डिपार्टमेंटांत लोक खूश होतात. आमचे सर चष्मा कपाळावर चढवायचे, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघायचे आणि विचारायचे, "कोण लपवतंय?" कुणीच काही लपवलेलं नसायचं. तरी शेवटी एखादा रेसिडेंट घाबरून, सलाईन लावलेल्या जागी एका पेशंटचा हात सुजला होता, अशी कबुली द्यायचा. सरांचा चेहरा उजळायचा. "हां! म्हणजे आपण माणसंच आहोत. लिहा, ग्रेड एक."

चिंचवडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली सर्जन म्हणून काही वर्षं काढली. काम तोंडाच्या कॅन्सरचं. आमच्या पट्ट्यात या कामाला तोटा नाही. कंपनीत शिफ्टला झोप येऊ नये म्हणून पोरं गालात तंबाखूची पुडी धरतात आणि गावठाणातल्या म्हाताऱ्या मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू झाला असं मानत नाहीत. रोग झालेला भाग कापून काढायचा आणि पडलेलं भगदाड बुजवायचं. त्यासाठी हाताची कातडी किंवा पायाचं हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायचं, तोंडात बसवायचं आणि त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. पुस्तकात याला फ्लॅप म्हणतात. सर ठिगळ म्हणायचे. पेशंटला ते एका शब्दात कळायचं आणि आमची सगळी विद्वत्ता गोधडीच्या पातळीवर यायची.

सर चिखलीच्या जुन्या घराण्यातले. लहानपणी ज्या रानात त्यांनी हरभरा उपटला तिथे आता बारा मजली सोसायटी आहे. तिच्यातच त्यांचा फ्लॅट होता, आणि पाहुण्यांना बाल्कनीतून खाली बोट दाखवून ते सांगायचे, "ते क्लबहाऊस आहे ना, तिथं आमची म्हैस बांधलेली असायची." अंगाने आडवे, रंगाने काळेसावळे, हाताची बोटं औत धरणाऱ्याची. त्याच बोटांनी केसाहून बारीक दोऱ्याने शीर शिवायचे तेव्हा बघणाऱ्याला खरं वाटायचं नाही.

त्यांच्याकडे दोन मराठी भाषा होत्या. आमच्याशी बोलताना पुण्याची, पेशंटशी बोलताना गावाकडची. ऑपरेशन चालू असताना कुठली निघते त्यावरून आम्हाला परिस्थिती कळायची. 'रक्त कमी आहे' म्हणाले तर काळजी नाही. 'रगात कमी हाय' म्हणाले की सिस्टर न सांगता रक्तपेढीला फोन लावायच्या.

एप्रनच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली. नवीन ठिगळ जिवंत आहे का, हे बघायचं तर त्याला सुई टोचायची. लालभडक रक्त आलं तर बरं, काळंनिळं आलं तर शीर तुंबली, धावा. पण ही सवय त्यांना कामापुरती ठेवता यायची नाही. मंडईत वांगी घेताना कॉलरकडे हात जायचा. एका बारशाला गुलाबजामला सुई टोचून पाक आत मुरलाय का ते बघताना त्यांना मी स्वतः पाहिलंय. यजमानीण शेजारीच उभी होती. सर तिला म्हणाले, "मुरलाय." ती बिचारी थँक्यू म्हणाली.

ठिगळाला 'छान' म्हणायला वॉर्डात बंदी होती. रक्तवाहिनीची जागा कळावी म्हणून आम्ही कातडीवर काळ्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवतो. सर त्याला तीट म्हणायचे. नव्याने आलेला एक रेसिडेंट राऊंडला उत्साहाने बोलून गेला, "सर, फ्लॅप एकदम मस्त!" सरांनी त्याला संध्याकाळपर्यंत त्या पेशंटच्या उशाशी बसवलं. "दृष्ट तू लावलीस. आता तूच राख."

आणखी एक कायदा होता, तो मात्र गमतीचा नव्हता. नातेवाइकाने ठिगळ तपासायचं नाही, मग तो स्वतः डॉक्टर का असेना. "नातेवाइकाला जे हवं असतं तेच दिसतं," सर म्हणायचे.

सरांचा खरा अवतार बघायचा तो शनिवारच्या बैठकीत. आठवड्यात काय काय बिघडलं ते तिथे सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्याला ग्रेड द्यायची. ही मोजपट्टी सरांनी काढलेली नव्हे, जगभर चालते. बिघाड निस्तरायला काय करावं लागलं त्यावरून तिच्यात आकडा ठरतो. नुसतं लक्ष ठेवून भागलं तर एक. जादा औषधं किंवा रक्त द्यावं लागलं तर दोन. परत चाकू उचलावा लागला तर तीन, त्यातही जागेपणी केलं तर तीन-अ आणि पूर्ण भूल देऊन केलं तर तीन-ब. आयसीयूत जिवावर बेतलं तर चार. माणूस गेला तर पाच. लोक सांगतात की सर घरीदारी सगळ्याला ग्रेड देत सुटायचे. ते खोटं आहे. चहाला त्यांनी कधी ग्रेड दिली नाही. चहा त्यांना नुसता वाईट लागायचा.

पट्टी आली की पळवाटा येतातच. आमच्यातल्या एका सर्जनने तीन-ब लागू नये म्हणून पेशंटला भूल न देता जागेपणीच मानेची जखम उघडून धुतली. पेशंट गरीब, छताकडे बघत पडून राहिला. बैठकीत हे महाशय अभिमानाने 'तीन-अ' म्हणाले. सरांनी शांतपणे विचारलं, "पेशंट काय म्हणत होता त्या वेळी?" ते म्हणाले, "काही नाही सर, फक्त देवाचं नाव घेत होता." सरांची भाषा बदलली. "मंग आकडा त्याच्यासाठी हाय का तुझ्या इज्जतीसाठी?" पुढे कधी कुणी ती पळवाट घेतली नाही.

पण सरांचं खरं भांडण पट्टीशीच होतं. अर्धी जीभ काढल्यावर बोलणं बिघडलं तर पुस्तक त्याला कॉम्प्लिकेशन मानत नाही. पाय काढल्यावर पळता येत नाही तसं ते, ऑपरेशनचा परिणामच तो. त्यामुळे ठिगळ जगलं, टाके सुकले, माणूस आठवड्याने घरी गेला, की ग्रेड शून्य. "ठिगळ जगलं, गडी मुका, आणि आमाला शून्य," सर चिडायचे. "ह्या शून्याचं काय लोणचं घालू?"

म्हणून त्यांनी घरची ग्रेड काढली. ऑपरेशनला तीन महिने झाले की, घरी पेशंटला जे कोणी जेवायला वाढत असेल त्याला शनिवारी बैठकीला बोलवायचं. खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, पट्टी समजावून सांगायची आणि विचारायचं, सांगा, तुमची ग्रेड किती?

कल्पना थोर होती. पण पट्टी उलटी असते, जितका आकडा मोठा तितकं वाईट, हे आमच्या लोकांच्या डोक्यात शिरेना. शाळेपासून सगळे जास्त मार्कांच्या मागे लागलेले. चाकणच्या एका कंपनीत कामाला असलेल्या पोराचा थोरला भाऊ बीडहून आला होता. उभा राहून, हात जोडून, भरल्या गळ्याने म्हणाला, "सर, माझ्याकडून पाच! पाचपैकी पाच!" रेसिडेंटने त्याला हळूच सांगितलं की पाच म्हणजे भाऊ वारला. भाऊ शेजारीच चहात बिस्कीट बुडवत बसला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला म्हणाला, "मग चार करा." चार म्हणजे आयसीयूत मरणाच्या दारात, असं कळल्यावर तो अगदी काकुळतीला आला. "तुमीच काय ते लावा सर, पण लई कमी नका करू. लोकं काय म्हनतील?"

एक सून आली होती सासूला घेऊन. म्हणाली, "आधी आत्या बोलायच्या ते सगळं कळायचं. आता बोलतात, पण कळत नाही. घरात शांतता आहे. शून्य." सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी लांबलचक बोलल्या. सरांनी सुनेला विचारलं, काय म्हणतात? सून उठत म्हणाली, "म्हणतात, घरी चल, मग बघते." आम्ही हसून हसून पडलो. सर तेवढे हसले नाहीत. "म्हणजे तुला कळतं," ते सुनेला म्हणाले, "शून्य बरोबर आहे."

पण सगळ्या शनिवारी हसू आलं असं नाही. पुस्तकाप्रमाणे शून्यात बसलेल्या एका पेशंटची बायको आकडा न सांगता एवढंच म्हणाली, "जेवताना भिंतीकडं तोंड करून बसत्यात." ओठातून डाळ ओघळते, ती पोरांनी बघू नये म्हणून. सरांनी फळ्यावरचं शून्य पुसलं, पण त्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना. त्या दिवसापासून मला हा वेडसर माणूस आवडायला लागला, हे सांगून टाकते.

नाना हे सरांचे शाळेपासूनचे दोस्त. बैलगाडा शर्यतीचे निवेदक. शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात, आणि चाकणच्या आजूबाजूच्या प्रत्येक घाटात माईकवर नानांचाच आवाज. कुणाचे बैल, कुणाची घोडी पुढे पळतेय, गाड्याचा मालक, त्याचा मेव्हणा, मेव्हण्याची ढाब्याची जागा, सगळं एका दमात. आणि गाडा सुटला की त्यांची ती आरोळी, 'भिर्रर्रर्र!' टोपल्याखालची कोंबडीसुद्धा उठून उभी राहील अशी. मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती तेव्हा नाना लग्नात माईकवर बोलून दिवस काढायचे. एकदा मंगलाष्टकं संपून अक्षता पडायच्या क्षणी सवयीने भिर्रर्र निघून गेलं, आणि नवरदेव खरोखरच दोन पावलं पुढे पळाला, असं सर सांगायचे.

नानांच्या जिभेच्या कडेला फोड आला तो त्यांनी हळद लावून सीझनभर लपवला. पकडला सरांनी, आणि तोही लाऊडस्पीकरवरून. सर घाटाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले होते. तिथून त्यांना ऐकू आलं की आज भिर्र एका बाजूला कलतंय. उठले, गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढले आणि हजारो लोकांसमोर म्हणाले, "नान्या, जीभ काढ." नानांना वाटलं चेष्टा आहे. त्यांनी जीभ काढून दाखवली. सगळा घाट हसला. सरांनी बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि खाली उतरून गाडीत जाऊन बसले.

तपासण्या झाल्या. अर्धी जीभ काढावी लागणार होती. ओपीडीत नाना आणि काकू, म्हणजे नानांची बायको, समोर बसले होते. नानांनी जगणार का, किती दिवस, काही विचारलं नाही. "डॉक्टर, भिर्र येईल का?"

खोटं बोलणं सरांना जमत नसे. भिर्रला जिभेचं टोक थरथरावं लागतं. हाताच्या कातडीचं ठिगळ जिभेत बसतं, अन्न गिळायला मदत करतं, पण ते थरथरत नाही, पडून राहतं. "सांगता येत न्हाई, नाना."

"मंग कापू नको." नाना उठून चालायला लागले.

सर त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. परत आले ते एकटेच. आठवडाभर त्यांनी फोन केले, नाना उचलेनात. शेवटी काकूच त्यांना घेऊन आल्या. काय सांगून आणलं असं विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. म्हनलं, म्येल्यावर कोन भिर्र म्हनतंय ते दाखवा, मग नगा करू आपरेशन."

नानांची अट एकच, चाकू दोस्तानेच धरायचा. मी सरांना म्हटलं की तुम्ही नका करू. ते म्हणाले, "दुसऱ्याला तो हात लावू देणार नाही." खरं तर यांनाही दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता.

ऑपरेशन दिवसभर चाललं. सरांची भाषा एकदाही घसरली नाही. रोगाच्या चारी बाजूंनी निरोगी मांस मिळालं, मानेच्या गाठी साफ निघाल्या, पुढे किरणोपचार लागणार नव्हते. जिभेचं जेवढं टोक वाचवता येईल तेवढं सरांनी वाचवलं आणि ठिगळ त्याला इतकं बेताचं शिवलं की आम्ही सगळे 'छान' हा शब्द गिळून उभे होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी मला बोलावलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मॅडम, रंग बघा." नानांच्या घशात श्वासाची नळी, बोलणं बंद, डोळे मात्र टक्क उघडे. सर स्टुलावर बसलेले, हातात सुई. ठिगळावर जांभळट झाक होती, ती मला दारातूनच दिसली. सरांनी सुई टोचली. काळपट रक्ताचा थेंब झरकन वर आला. म्हणजे रक्त आत जातंय पण बाहेर पडत नाहीये, शीर तुंबलीय.

"लालच हाय," सर म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं.

सरांनी दुसरीकडे टोचलं. "हे बघ. लाल." तिसरीकडे टोचलं. "जरा थांबू. कमी हुईल." ज्यांनी आम्हाला काळं रक्त ओळखायला शिकवलं, त्यांना ते दिसत नव्हतं. थांबायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "सर, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही नातेवाईक आहात."

वाटलं, आता अंगावर येणार. ते उठले. सुई माझ्या हातात दिली. बाहेर बाकावर काकूंच्या शेजारी जाऊन बसले, आणि काकूंनी त्यांना आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली.

आम्ही नानांना लगेच परत टेबलावर घेतलं. मानेतल्या शिरेत गुठळी होती. ती काढली, जोड नव्याने केला. ठिगळ गुलाबी झालं. फक्त पुढची, टोकाजवळची एक कड पुढच्या दोन-चार दिवसांत काळी पडली, ती काढावी लागली. नेमकी तीच, वाचवलेल्या टोकाला आधार देणारी. थोडं आधी उघडलं असतं तर ती वाचली असती का? कुणीच सांगू शकत नाही. सर मात्र स्वतःला रोज सांगत होते.

शनिवारी सर आरोपीसारखे उभे राहिले. "ग्रेड तीन-ब. कारण, सर्जनचे डोळे." लिहून घेणाऱ्या रेसिडेंटचा हात थांबला. "लिही," सर म्हणाले, "डोळे लिही." मग खाली बसले आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाही, कोण लपवतंय, असं विचारलं नाही.

नाना बरे झाले. म्हणजे जेवायला लागले, बोलायला लागले. बोलणं संथ, ओलं, शब्द एकमेकांना चिकटलेले, आणि 'र' च्या जागी कसलासा 'ल'. मग एक दिवस ओपीडीत तोंड उघडून दाखवत म्हणाले, "डॉक्टल, केस आलं." ठिगळ हाताच्या कातडीचं. हातावर केस असतात, तर जिभेवरही आले. हे असं होतं कधीकधी. पुस्तकात याला आकडा नाही. सरांनी बारीक कात्रीने ते कापले. नाना आरशात बघत म्हणाले, "लोकं म्हनायची, नान्याच्या जिभंला हाड न्हाई. नसू दे. केस हायत की!" त्यानंतर महिन्यातून एकदा नाना दाढी करायला सलूनमध्ये जायचे आणि तिथून जिभेची हजामत करायला आमच्याकडे यायचे.

भिर्र मात्र येत नव्हतं. सर दर रविवारी नानांच्या गोठ्यात जाऊन सराव घ्यायचे. मी एकदा गेले होते. साठीला टेकलेले दोन पुरुष खाटेवर समोरासमोर बसून एकमेकांच्या तोंडावर ओरडतायत. सर, "भिर्रर्र!" नाना, "भिल्ल!" पलीकडच्या शेडमधून कंप्रेसरची घरघर. बांधलेले दोन्ही बैल, नेमकं कुणाचं ऐकायचं, या विचाराने कान हलवत उभे. सरांच्या चष्म्यावर थुंकी उडालेली. ते चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "जमतंय. परत." जमत नव्हतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. काकू चुलीपाशी बसून भाकरी थापत नुसत्या ऐकायच्या.

तीन महिने झाल्यावर काकूंना घरच्या ग्रेडसाठी बोलावलं. त्या खुर्चीवर बसल्या, चहा प्यायल्या, पट्टी नीट ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "भाऊजी, हितं काय सांगू? जत्रंला घाटात या. तिथं बघा, आन मंग इचारा."

सरांनी हॉस्पिटलची गाडी काढून अख्खं डिपार्टमेंट जत्रेला नेलं. आम्ही पॉलिश केलेल्या बुटांनी, बायकांच्या बसायच्या जागेला लागून, धुळीत उभे. कमिटीने दुसरा निवेदक ठरवून ठेवला होता. नानांचा मान म्हणून पहिली बारी, म्हणजे पहिल्या गाड्याची धाव तेवढी त्यांना. ती बोलून झाली की नारळ, शाल, आणि घरी. नानांना हे ठाऊक होतं. सरांना ठाऊक होतं. त्या दिवशी भिर्र आलं नाही तर परत कुणी माईक देणार नव्हतं.

नाना स्टेजवर चढले. माईक हातात घेतला. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मंडळी, जीभ नवी हाय. हाताची कातडी काढून लावलीया. आदी हात चालायचा, आता त्योच बोलतोय." गर्दी हसली. हसण्यात थोडा मोकळेपणा आला. गाडामालकाचं नाव त्यांनी घेतलं, बैलांची घेतली, मेव्हण्याला विसरले नाहीत. आवाज ओला होता, पण कळत होता. सर माझ्या शेजारी उभे. त्यांचे ओठ नानांच्या बरोबर हलत होते.

गाडा जुंपला. बैल फुरफुरले. झेंडा पडला, गाडा सुटला, आणि नानांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

लाऊडस्पीकरमधून नुसता वारा आला.

अर्धा क्षण असेल. सगळ्या घाटाला कळलं. सरांनी डोळे मिटून घेतले. आणि माझ्या कानाच्या अगदी जवळून, कानठळ्या बसतील असं निघालं, "भिर्रर्रर्रर्र!"

काकू. डोक्यावरचा पदर दातात धरायची सवय असलेल्या, घाटात बायकांनी बसायच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्या काकू. लोकांनी माना वळवल्या. काकूंनी श्वास घेतला आणि परत आरोळी दिली, पहिल्यापेक्षा मोठी. मग कुठूनतरी एका म्हाताऱ्याने उचलली, मग पोरांनी, आणि गाडा वर पोचेपर्यंत सगळा डोंगरउतार भिर्र म्हणत होता. नाना स्टेजवर ढसाढसा रडत होते आणि रडता रडता गाड्याला लागलेले सेकंद सांगत होते.

दुसरी बारी कमिटीने त्यांच्याकडून काढून घेतली नाही. तिसरीही नाही. दर गाड्याला नाना सगळं बोलायचे, आणि गाडा सुटला की माईक गर्दीकडे करायचे. ठरवलेला निवेदक मांडवात बसून दिवसभर उसाचा रस प्यायला.

परतताना काकू आमच्याच गाडीत होत्या. नाना मागे राहिले, त्यांना लोक सोडेनात. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. मी विचारलं, "काकू, तुम्ही हे कधी शिकलात?" त्यांचा आवाज पार बसला होता, नुसती हवा निघत होती. "त्ये डेरीला दूध घालाय ग्येलं की गोठ्यात म्हनायची मी. आपरेशन झाल्यापासनं. न्हाई यायचं त्यांना, म्हाईत व्हतं मला. तिथं गप्प उबं ऱ्हायलं असतं तर मेलंच असतं की वो मानूस."

सर पुढच्या सीटवर होते. मग मागे न वळता, खाकरून म्हणाले, "वहिनी, घसा बसलाय तुमचा. सोमवारी ओपीडीत या. बघून घेतो."

"ह्या घशाला हात लावायचा न्हाई, भाऊजी," काकू त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. "आता ह्यो दोगांचा हाय."